शालेय नोंदी आणि क्लाउडवरील साठवण

हजेरीपट, निकालपत्रके आणि विद्यार्थ्यांची माहिती आता बहुधा ‘क्लाउड’वर ठेविली जाते. क्लाउड म्हणजे ढग. परंतु ही माहिती आकाशात नसते. ती दूरच्या इमारतीतील, दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकांवर असते व इंटरनेटद्वारे शाळेपर्यंत पोहोचते. त्या इमारतीस आग लागू शकते, मालकाचे नियम बदलू शकतात आणि पावसाळ्यात जोतिबाच्या डोंगरावरील संपर्क तुटला, तर नोंद असूनही हाती येत नाही.

असे प्रसंग घडलेले आहेत. जानेवारी २०१८ मध्ये राज्यातील शिक्षकांच्या वेतनाची ‘शालार्थ’ प्रणाली बंद पडली व वेतन ऑफलाइन पद्धतीने द्यावे लागले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील दैजॉन येथील शासकीय माहितीकेंद्रास आग लागली. तीत शासकीय कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. कारण तिची प्रत अन्यत्र नव्हती.

खेड्यातील शाळेस आणखी एक धोका अधिक जवळचा आहे. खाते एखाद्या शिक्षकाच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेले असते. त्याची बदली झाली की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्यास गूगलने डिसेंबर २०२३ पासून आरंभ केला आहे. यात हानी होते ती बालकाची. जन्मतारखेची नोंद सापडली नाही, तर दाखल्यासाठी पालकास कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

(१) जनरल रजिस्टर शाईने पूर्ण लिहून कपाटात जपावे.

(२) प्रत्येक सत्राअखेर क्लाउडवरील माहिती उतरवून हार्डडिस्कवर ठेवावी.

(३) खाते शाळेच्या नावे असावे. पासवर्ड मोहोरबंद लखोट्यात मुख्याध्यापकाकडे ठेवावा व कार्यभार सोपविताना लखोट्याची नोंद करावी.

(४) सत्रातून एकदा उतरविलेली प्रत उघडून एखादी नोंद ताडून पाहावी.

वर्गात हा विषय शिकविताना चैत्र यात्रेतील सासनकाठीचा दाखला द्यावा. ती उंच काठी अनेकांनी निरनिराळ्या बाजूंनी दोर ताणून धरल्यामुळे तोल सांभाळते. एक दोर सुटला तरी इतर दोर तिला सावरतात. क्लाउड हा नोंदींचा असाच एक दोर होय. नंतर मुलांना विचारावे : घरातील कोणता कागद हरवल्यास अडचण होईल आणि त्याची दुसरी प्रत कोठे आहे? उत्तर घरी विचारून दुसऱ्या दिवशी वहीत लिहून आणण्यास सांगावे.