हार्ट फेल्युअर : उपचार आणि खर्चाचा हिशेब

बंगळुरू हे हृदयोपचारांचे देशातील एक प्रमुख केंद्र होय. शासकीय स्वायत्त जयदेव हृदयरोग संस्था आणि डॉ. देवी शेट्टी यांनी २००१ साली स्थापलेले नारायण हृदयालय येथे दूरदूरचे रुग्ण येतात. कर्नाटकात २००३ साली कार्यान्वित झालेल्या ‘यशस्विनी’ योजनेने सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांना वर्षाकाठी अवघ्या ६० रुपयांत शस्त्रक्रियांचे संरक्षण दिले होते.

तथापि तीव्र हार्ट फेल्युअरचे स्वरूप निराळे आहे. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती घटते, फुफ्फुसांत पाणी साचते आणि आडवे होताच धाप लागते. अशा वेळी बहुधा शस्त्रक्रिया नसते. प्राणवायू, लघवी वाढविणारी इंजेक्शने, इको तपासणी आणि अतिदक्षता विभागातील देखरेख असते. ही इंजेक्शने स्वस्त असतात. देयक वाढते ते मुख्यतः रुग्णालयातील मुक्कामामुळे. म्हणूनच केवळ शस्त्रक्रियेपुरते संरक्षण येथे अपुरे पडते.

विमापत्रातील खोलीभाड्याची मर्यादा अवश्य पाहावी. समजा, मर्यादा दररोज ५,००० रुपये आहे आणि रुग्ण ८,००० रुपयांच्या खोलीत पाच दिवस राहिला. भाड्यातील फरक १५,००० रुपये झाला. प्रमाणशीर कपातीची अट असल्यास डॉक्टर व परिचर्येच्या ४०,००० रुपयांपैकी पाच-अष्टमांश, म्हणजे २५,००० रुपयेच मंजूर होतील. एकंदर ३०,००० रुपयांचा भार कुटुंबावर येईल. औषधे, तपासण्या व अतिदक्षता विभागाचे शुल्क यांवर मात्र नियमानुसार अशी कपात करता येत नाही.

विमा घेताना पूर्वीचे आजार दडवू नयेत. एप्रिल २०२४ पासून त्यांसाठीचा प्रतीक्षाकाळ कमाल तीन वर्षांचा आहे. ७० वर्षे व त्यावरील नागरिकांसाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेचे ५ लाख रुपयांपर्यंतचे वार्षिक संरक्षण खुले केले. आपल्या राज्यातील अंमलबजावणी व रुग्णालयाचा सहभाग यांची खात्री आधीच करून घ्यावी.

या विकारात रुग्णास पुन्हा दाखल करावे लागण्याचा संभव मोठा असतो. घरी परतल्यावर रोज सकाळी वजन करून त्याची नोंद ठेवावी. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ आढळल्यास शरीरात पाणी साचत असल्याची ती सूचना समजून तत्काळ डॉक्टरांना कळवावे. मीठ मर्यादित ठेवावे, औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. टळलेला प्रत्येक मुक्काम हीच कुटुंबाची खरी बचत होय.