साथीची खबर

उर्दूत 'साथ' म्हणजे सोबत. मराठीतही 'मित्राने साथ दिली' असे आपण म्हणतो. पण 'गावात साथ आली' असे कोणी म्हटले, तर समजावे की गोष्ट काळजीची आहे. थोड्याच दिवसांत एकच रोग पुष्कळ लोकांना होतो, तेव्हा त्याला साथ म्हणतात.

भोर आणि वेल्हे हा पुणे जिल्ह्यातील डोंगराळ भाग. उन्हाळ्यात येथील वाड्यावस्त्यांवर पाण्यासाठी वणवण होते. मग धो धो पाऊस येतो आणि ओढ्याचे गढूळ पाणी विहिरीत उतरते. समजा, अशा एका वस्तीवर आठवड्यात पाच जणांना जुलाब झाले. एकाने घरीच काढा घेतला, दुसरा भोरच्या दवाखान्यात गेला. प्रत्येकाला वाटते, आपण काहीतरी अरबटचरबट खाल्ले असेल. विहिरीकडे कोणाचेच लक्ष जात नाही. पाचही जणांची नोंद एका जागी झाली, तरच ते ध्यानात येते.

ही नोंद उपकेंद्रातील नर्सताई करतात. पूर्वी दर आठवड्याला कागदी तक्ता भरावा लागे, आता माहिती संगणकावर जाते. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून जिल्हा, मग राज्य आणि शेवटी दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, असा या खबरीचा प्रवास असतो. देशभर ही व्यवस्था २००४ साली सुरू झाली. दिल्लीची संस्था मात्र जुनी आहे. १९०९ साली कसौली येथे हिवतापाच्या अभ्यासासाठी ती निघाली. १९६३ मध्ये इतर साथींचे कामही तिच्याकडे आले आणि २००९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात अनेकांच्या हातापायांतील शक्ती एकाएकी गेली. रोगाचे नाव गुलेन बारी. हा रोग एरवी क्वचितच होतो. एका दवाखान्यात एकच रुग्ण आला असता, तर कोणाला शंकाही आली नसती. पण रुग्णांची संख्या जुळवून पाहिली, तेव्हा डॉक्टर सावध झाले. दिल्लीचे तज्ज्ञ आले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नमुने तपासले गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू सापडले. हे जंतू दूषित अन्नपाण्यातून पोटात जातात. म्हणून विहिरींचे आणि नळांचे पाणीही तपासले गेले. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली होती. काही जण दगावले.

आता पुन्हा आपल्या वस्तीवर येऊ. नर्सताई दारात येऊन विचारतात, "घरात कोणाला ताप, जुलाब?" चूल पेटलेली असते, कामाची घाई असते. आतून उत्तर येते, "काही नाही, ताई, सगळे ठीक आहे." कोपऱ्यात धाकटा पोट धरून पडलेला असतो. नर्सताई पुढच्या घरी जातात. तक्त्यात शून्य लिहिले जाते आणि दिल्लीलाही तेच शून्य दिसते.