कोंबडीच्या गाठीने उलगडलेले कोडे

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डॉ. पेटन राउस यांच्याकडे छातीवर गाठ असलेली एक कोंबडी आली. त्यांनी गाठ वाटून, पेशी व जिवाणू अडकतील अशा गाळणीतून तिचा रस गाळला आणि निरोगी कोंबड्यांना टोचला. त्यांनाही गाठी झाल्या! रसात विषाणू होता. १९११ साली हे प्रसिद्ध झाले. नोबेल पारितोषिक मात्र १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी मिळाले.

पुढे १९७६ साली डॉ. मायकेल बिशप व डॉ. हॅरल्ड व्हार्मस यांनी दाखवले, की गाठ करणारे जनुक विषाणूचे स्वतःचे नव्हे; ते निरोगी कोंबडीच्याच पेशीतून त्याने उचललेले. असे जनुक माणसातही असते. पाटाचे दार गरजेपुरते उघडून बंद करावे, तसे ते पेशीची वाढ सांभाळते. बिघडले, की दार उघडेच राहते आणि पेशी वाढत सुटतात.

यातून काय घ्यावे? तंबाखू व विडी अशीच जनुके बिघडवतात; ती सोडावी. कर्करोग शिवल्याने होत नाही. रोग्याची सेवा निर्धास्त करावी. न दुखणारी गाठ किंवा तोंडातील न भरणारी जखम दिसताच डॉक्टरांना दाखवावी.