ब्रिटनचा धूर : तो वाढला कसा व उतरला कसा

आपल्या देशाच्या हवेत दरसाल किती विषारी वायु मिसळतात, याचा हिशेब हल्ली पुष्कळ राष्ट्रे जमाखर्चाच्या वहीप्रमाणे ठेवतात. वहीतील आकडा वाचणे सोपे असते. तो का चढला व का उतरला, हे ओळखणे ही खरी विद्या होय. म्हणून आम्ही विद्यार्थिवर्गापुढे ब्रिटनचे उदाहरण ठेवीत आहोत. दगडी कोळशाचे यंत्रयुग प्रथम तेथे सुरू झाले, व त्याची कडू फळेही त्या देशाने आरंभीच चाखली.

लंडनच्या धुराविषयी तक्रार फार जुनी आहे. १६६१ साली जॉन एव्हलिन या विद्वान गृहस्थाने याच विषयावर एक पुस्तिका लिहून ती राजा दुसरा चार्ल्स यास अर्पण केली. परंतु घराची ऊब व कारखान्याची भाकरी ही दोन्ही कोळशावर अवलंबून, तेव्हा ऐकतो कोण? अखेर १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखांच्या दरम्यान, वारा पडला. थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसले आणि धूर व धुके शहरातच कोंडून राहिले. त्या वेळच्या गणनेप्रमाणे सुमारे ४,००० माणसे अधिक दगावली. पुढील काही संशोधकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला आहे. मृतांत वृद्ध, तान्ही मुले व छातीचे रोगी यांचाच भरणा होता.

यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा जन्मास आला. ठराविक वस्त्यांत धूर करणारे जळण बंद झाले, व चूल बदलण्यासाठी घरमालकांस द्रव्यसाहाय्य मिळू लागले. केवळ दंडाच्या भयाने हे काम झाले नसते. १९६५ साली उत्तर समुद्राच्या तळाशी नैसर्गिक वायु सापडला, व पुढे तो घरोघर पोहोचला. तेव्हा लोकांनी कोळसा आपण होऊन सोडला.

आता गंधकाचे पाहू. कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, व ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल बनते. वीजकेंद्रांनी उंच धुराडी बांधली, त्यामुळे गावचा त्रास घटला. पण तेच आम्ल दूर नॉर्वे-स्वीडनच्या सरोवरांत पावसाबरोबर उतरले व मासे मरू लागले. १९७९ साली जिनीव्हा येथे राष्ट्रांनी करार केला. पुढे धुराड्यांत चुनखडीच्या साहाय्याने गंधक पकडण्यात येऊ लागला. १९९० साली ब्रिटनची सुमारे दोन-तृतीयांश वीज कोळशावर होत असे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तेथील शेवटचे कोळशाचे वीजकेंद्रही बंद झाले. परिणामी १९७० साली साठ लक्ष टनांहून अधिक असलेला हा वायु आता सुमारे शेकडा ९८ ने घटला आहे.

सर्वच आकडे असे उतरले नाहीत. नायट्रोजनची ऑक्साइडे जळणातील दोषानेच नव्हे, तर ज्वाळेच्या प्रखर उष्णतेने हवेतीलच नायट्रोजनपासून होतात. म्हणून जळण बदलले तरी ती पुरती टळत नाहीत. मोटारींना शोधक यंत्रे बसविल्यावर ती कमी झाली, परंतु गंधकाइतकी नव्हे. शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ अखेर बंद होताच रस्त्यावरील शिशाचा धूर जवळजवळ नाहीसा झाला. अमोनिया मात्र फारच थोडा घटला. कारण तो शेण व खते यांतून शेताशेतांत निघतो, आणि शेतास धुराडे नसते!

येथे एक सावधगिरी हवी. ब्रिटनचे काही कारखाने बंद पडले, व त्यांचा माल परदेशांतून येऊ लागला. तेवढ्यापुरता धूर नाहीसा झाला नाही. त्याने केवळ देश बदलला. वहीतील आकडा उतरला म्हणजे जगाची हवा तितकीच सुधारली, असे म्हणता येत नाही.

तात्पर्य, कायदा, विज्ञान व स्वस्त पर्याय ही तिन्ही एकत्र आली, तेथे हवा सुधारली. एकटा कायदा पंगू राहतो. आपल्या चंद्रपूर व कोराडी येथेही दगडी कोळशावर वीज होते. तेव्हा पालकांनी व विद्यार्थ्यांनी धुराचा आकडा वाचताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : हा वायु कोठून निघतो, तो कोणाच्या छातीत जातो, आणि तो थांबविण्याचा खर्च कोण सोसतो?