स्थानदर्शक इंग्रजी अव्यये : ‘ॲट’, ‘ऑन’ आणि ‘इन’

इंग्रजी क्रियापदांचे काळ मराठीभाषक विद्यार्थ्याला अभ्यासाने साध्य होतात. परंतु ‘ॲट’, ‘ऑन’ आणि ‘इन’ हे तीन लहान शब्द त्याला दीर्घकाळ चकवितात. ‘त’ म्हणजे ‘इन’ आणि ‘वर’ म्हणजे ‘ऑन’ असे समीकरण तो आरंभीच पाठ करतो. त्याच्या बहुतेक चुकांचे मूळ हेच होय.

उदाहरणार्थ, मराठीत बायका नदीवर धुणे धुतात आणि होडीही मासोळीप्रमाणेच नदीत असते. या वाक्यांचे शब्दशः भाषांतर केल्यास बायका पाण्याच्या पृष्ठभागावर बसल्या आहेत आणि होडी पाण्याखाली गेली आहे, असा भास होईल. इंग्रजीत बायका ‘ॲट द रिव्हर’, होडी ‘ऑन द रिव्हर’ आणि मासोळी ‘इन द रिव्हर’ असते. गंगाकाठचे वाराणसी शहरही ‘ऑन द गँजेस’ असेच म्हटले जाते.

या निवडीमागे एक सूत्र आहे. बोलणारा ज्या स्थळाकडे केवळ एक बिंदू म्हणून पाहतो, तेथे ‘ॲट’ येते. पृष्ठभाग किंवा रेषा म्हणून पाहतो, तेथे ‘ऑन’. आणि सीमांनी वेढलेली जागा म्हणून पाहतो, तेथे ‘इन’. नदी ही नकाशावरील रेषा मानली, की तिला लागून असलेले शहर ‘ऑन’ का, हे सहज उमगते.

म्हणूनच मोठ्या शहराला ‘इन’ आणि लहान गावाला ‘ॲट’ हा शालेय नियम अपुरा ठरतो. नागपूरचा रहिवासी ‘इन नागपूर’ राहतो. परंतु मुंबईहून हावड्याला जाणारी गाडी ‘ॲट नागपूर’ थांबते. शहर तेच, प्रवाशाच्या दृष्टीने मात्र ते मार्गावरील एक बिंदू असते.

‘ऑन’ या शब्दाला वरची बाजू अभिप्रेत नसते. स्पर्श पुरेसा असतो. भिंतीला टांगलेले चित्र आणि छताला खालून चिकटलेली माशी, दोन्ही ‘ऑन’च. उलट झाडावरचा पक्षी फांद्या-पानांनी वेढलेला, म्हणून ‘इन द ट्री’. त्याच झाडाला लागलेले फळ मात्र ‘ऑन द ट्री’. काही प्रयोग रूढीनेच आत्मसात करावे लागतात. माणूस मोटारीत ‘इन’ असतो, तर बसमध्ये वा आगगाडीत बहुधा ‘ऑन’.

हा भेद मराठीला सर्वस्वी परका नाही. ‘तो घरी आहे’ आणि ‘तो घरात आहे’ या वाक्यांतील फरक मराठीभाषकाला कोणी शिकवावा लागत नाही. अंगणात बसलेला माणूसही घरी असतो. पण तो घरात नसतो. पहिले ‘ॲट होम’, दुसरे ‘इन द हाउस’. प्रत्ययाचे भाषांतर करण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्थळाचे असे चित्र मनात उभे केले, तर योग्य शब्द बहुधा आपोआप सुचतो.