दारी हत्ती बांधण्यापूर्वी
जुन्या आलिशान एसयूव्हीच्या दुरुस्तीचा हिशेब

दारी हत्ती झुलणे ही आपल्याकडे वैभवाची खूण मानली गेली आहे. परंतु हत्ती विकत घेणे आणि हत्ती पोसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोकरी-व्यवसायानिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेला एखादा मराठी गृहस्थ जुन्या आलिशान मोटारींच्या दालनात जातो, तेव्हा नवी असताना ९० लाखांची असलेली शक्तिशाली एसयूव्ही त्याला २४ लाखांत दिसते. नव्या मध्यम गाडीच्या किमतीत एवढे वैभव मिळते, हे पाहून मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र एक सत्य नेहमी ध्यानी ठेवावे : वाहनाची किंमत दरवर्षी उतरते, त्याच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. २४ लाखांच्या या गाडीची दुरुस्ती ९० लाखांच्या गाडीच्याच दराने करावी लागते.

नेहमी उद्भवणारे बिघाड

पहिला क्रमांक एअर सस्पेन्शनचा. या गाड्यांत पोलादी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात. काळाच्या ओघात रबराला बारीक चिरा पडतात व हवा झिरपू लागते. ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर अखंड चालतो आणि अखेरीस तोही जळतो. रेंज रोव्हर स्पोर्टसारख्या गाड्यांत हा बिघाड सर्वपरिचित आहे. रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर झुकलेली आढळली, तर कारण बहुधा हेच असते. चारही पिशव्या व कॉम्प्रेसर बदलावयाचे झाल्यास खर्च लाखांच्या घरात जातो.

दुसरा प्रश्न इंजिनाच्या उष्णतेचा. पोर्शे केयेनच्या पहिल्या पिढीतील व्ही-८ इंजिनांत कूलंट वाहून नेणाऱ्या काही नळ्या प्लास्टिकच्या होत्या. उष्णतेने त्या ठिसूळ होऊन तडकत. म्हणून पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बसविण्यात आल्या. असे जुने वाहन घेताना हा बदल झाला आहे काय, हे अवश्य विचारावे. बीएमडब्ल्यूच्या एक्स-५ व एक्स-६ मध्ये वापरल्या गेलेल्या एन-६३ या व्ही-८ इंजिनात टर्बोचार्जर सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मध्यभागी बसविलेले आहेत. तेथील प्रखर उष्णतेने आजूबाजूचे सील कडक होतात व इंजिन ऑइल पिऊ लागते. या इंजिनाच्या तक्रारींमुळे कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेत ग्राहकांसाठी तपासणी व दुरुस्तीची खास योजना राबविली होती.

तिसरा भाग स्वयंचलित गिअरबॉक्सचा. 'यातील ऑइल आयुष्यभर बदलावे लागत नाही', असे विक्रेता सांगतो. परंतु अनेक आलिशान गाड्यांना गिअरबॉक्स पुरविणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलण्याची शिफारस करते. वेळेवर केलेल्या या कामाचा खर्च हजारांत असतो. गिअरबॉक्स निकामी झाल्यास तो अनेक लाखांत जातो.

याखेरीज रुंद टायर, मोठ्या ब्रेक डिस्क व पॅड हे झिजणारे भाग आहेत. त्यांच्या पूर्ण संचाचा खर्चही सहजपणे सहा आकडी होतो.

बेंगळुरूची विशेष परीक्षा

टॉमटॉम संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत या शहराच्या मध्यभागात १० किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटे लागत असल्याचे नोंदले गेले. अशा संथ रहदारीत डिझेल गाडीच्या धुरातील काजळी गाळणारे फिल्टर तुंबते. साचलेली काजळी जळून जाण्यासाठी धूर अत्यंत तप्त व्हावा लागतो आणि त्याकरिता मोकळ्या रस्त्यावर काही काळ सलग वेगाने वाहन चालणे आवश्यक असते. ज्यांचा प्रवास घर ते कचेरी एवढाच मर्यादित आहे, त्यांनी शक्तिशाली डिझेल एसयूव्ही घेण्याचा पुन्हा विचार करावा.

दुसरी बाब पुराची. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता व यमलूर या भागांत पाणी शिरले आणि तळघरांतील वाहनतळांत अनेक महागड्या मोटारी बुडाल्या. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकते. म्हणून सीट-बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाची रेघ पाहावी, स्टेपनीखालील खळगा व गालिच्याखालचा पत्रा तपासावा, कुबट वासाकडे दुर्लक्ष करू नये. विमा कंपनीकडील जुन्या दाव्यांची माहिती मागण्यास संकोच नसावा.

विम्याविषयीचा गैरसमज

'सर्वसमावेशक विमा आहे, मग चिंता कशाची?' असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः नेहमीच्या मोटार विम्यात अपघात, चोरी, आग व पूर यांचा समावेश असतो. झीज व यांत्रिक बिघाड यांचा नसतो. अपघाताच्या दाव्यातही रबरी, नायलॉन व प्लास्टिकच्या भागांवर, 'शून्य घसारा' हे जोडसंरक्षण नसल्यास, ५० टक्के घसारा कापला जातो. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू केल्याने झालेल्या हानीसाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

कागदपत्रे व कर

महाराष्ट्रात नोंदलेली गाडी येथे आणल्यास, बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल तर कर्नाटकात नव्याने नोंदणी करावी लागते. २० लाखांवरील नव्या मोटारीवर कर्नाटकात १८ टक्के आजीवन कर आहे. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीस तो वयानुसार घटत्या प्रमाणात लागतो. किमतीची घासाघीस करताना ही रक्कम विसरू नये. आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा नोंदणी पुस्तकातून उतरला असल्याची खात्री करावी. वाहन हस्तांतरित झाल्यावर विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करावा. आधीच्या मालकाची 'नो क्लेम' सवलत आपल्याला मिळत नाही.

एक उदाहरण

समजा, वरील २४ लाखांच्या गाडीसाठी आपण ६ लाख स्वतःचे घातले व १८ लाखांचे कर्ज ४ वर्षांसाठी १२ टक्के दराने घेतले. मासिक हप्ता सुमारे ४७,४०० रुपये होईल. मूळ किमतीच्या ३ टक्के, म्हणजे वर्षाला २ लाख ७० हजार, एवढी रक्कम दुरुस्तीसाठी राखून ठेवायची असे धरले, तर दरमहा आणखी २२,५०० रुपये बाजूला काढावे लागतील. म्हणजे इंधन व विमा सोडूनच सुमारे ७० हजारांचा मासिक भार झाला. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या वाहनाचे आकडे घालून हाच हिशेब प्रत्येकाने करावा.

खरेदीपूर्वी पाच गोष्टी

१. अधिकृत सेवाकेंद्राकडून संपूर्ण सेवा-इतिहास मिळवावा व किलोमीटरच्या नोंदी ताडून पाहाव्यात.
२. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणकार मेकॅनिककडून गाडी उचलून, संगणकीय यंत्र जोडून तपासून घ्यावी.
३. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून आवाज ऐकावा व धूर पाहावा.
४. सस्पेन्शन, गिअरबॉक्स, टर्बो, ब्रेक व टायर या पाच कामांची लेखी अंदाजपत्रके आगाऊ घ्यावीत.
५. दुरुस्तीची पहिल्या वर्षाची रक्कम वेगळ्या आवर्ती ठेवीत वा बचत खात्यात ठेवल्याखेरीज सौदा पक्का करू नये.

ही पाचवी अट पाळता येत नसेल, तर गाडी आपल्या आवाक्याबाहेरची आहे असे निःसंकोच समजावे. हप्ता भरता येतो म्हणून गाडी परवडते असे नव्हे. ती बिघडल्यावरही घरखर्च, मुलांचे शिक्षण व नियमित बचत अबाधित राहते, तेव्हाच ती परवडते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण मोटारीलाही तितकीच लागू आहे.