उत्पन्न म्हणजे नेमके काय?



मुलांची शिष्यवृत्ती असो, सरकारी योजना असो की गटातून मिळणारे कर्ज असो, अर्जावर पहिला प्रश्न असतो : वार्षिक उत्पन्न किती? दाखल्यासाठी आपण आकडा कमी सांगतो आणि कर्जासाठी जास्त. दोन्हींत शेवटी नुकसान आपलेच होते. म्हणून उत्पन्नात काय धरावे, हे आज समजून घेऊ.

१) उत्पन्न एकट्या घरधन्याचे नसते. छोट्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केले. त्यात कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. या सर्वांची मिळून वर्षाची कमाई ३ लाखांपर्यंत असेल, तर विनातारण मिळणारे कर्ज ‘मायक्रोफायनान्स’ कर्ज ठरते. चिकूच्या वाडीतील आईची मजुरी आणि कारखान्यात जाणाऱ्या अविवाहित मुलाचा पगार, दोन्ही यात येतात.

२) शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, म्हणून ते उत्पन्नच नाही असे नव्हे. मात्र भात विकून आलेले सगळे पैसेही उत्पन्न नव्हेत. बियाणे, खत, मजुरी वजा जाता उरते ते खरे.

३) कर्ज हे उत्पन्न नाही. वीटभट्टीवर जाण्याआधी घेतलेली उचलही नाही. ती पुढच्या मजुरीतून कापली जाते. उचल आणि मजुरी दोन्ही मिळवली, तर तेच पैसे दोनदा मोजले जातात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरात भट्टीची मजुरी ६०,००० रुपये, वाडीची ३०,००० आणि खर्च वजा जाता भाताचे १५,००० आले. एकूण १,०५,०००, म्हणजे महिना सरासरी ८,७५० रुपये. वरील नियमानुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असू नयेत. या घरासाठी ही मर्यादा ४,३७५ रुपये. भट्टीची २०,००० उचल चुकून मिळवली, तर मर्यादा कागदावर पाच हजारांवर जाते. हप्ता मात्र खऱ्या कमाईतूनच भरावा लागतो. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात, तेव्हा तो कुठून आणणार?

आकडा कमी सांगणेही धोक्याचे. ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी २०२४ साली कुटुंबाची मर्यादा अडीच लाख ठेवली गेली. अशा योजनांत खोटा आकडा निघाला, तर मिळणारी मदत बंद होऊ शकते. शिवाय कर्ज देणाऱ्या संस्था आपले कौटुंबिक उत्पन्न पतमाहिती कंपन्यांना कळवतात. एका ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरे सांगून निभावत नाही.

आपल्या भागाला कर्जाचा जाच नवा नाही. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतलेला ‘लग्नगडी’ फेडीपायी त्याच्याच घरी राबत असे. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी येथे वारली बांधवांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. कमाईपेक्षा मोठे कर्ज माणसाला बांधून टाकते, हे आपल्या आजी-आजोबांनी सोसले आहे.

तेव्हा घरात एक वही ठेवू या. मजुरी, विक्री, खर्च, उचल आणि हप्ते दर आठवड्याला त्यात लिहू या. पती-पत्नीने मिळून लिहावे, शाळेत जाणाऱ्या मुलांनी मदत करावी. अर्ज भरताना आकडा वहीतूनच घ्यावा. ज्या कागदावरचा आकडा आपल्याला समजला नाही, त्यावर अंगठा किंवा सही करू नये.